रिपोर्टातला आकडा येतो कुठून? किडनी आणि मेंदूच्या न्यूक्लिअर स्कॅनविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांची अडचण एकच आहे : दोन ठिकाणच्या रिपोर्टमधले आकडे जुळत नाहीत, किंवा आकडा कळतो पण त्यावर किती भरवसा ठेवायचा ते कळत नाही. म्हणून उत्तरांत हे आकडे कसे काढतात आणि कुठे चुकतात, यावर जास्त जागा दिली आहे. उपचाराचा निर्णय अर्थातच पेशंटला तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

प्रश्न : बाळ सात महिन्यांचं आहे. गरोदरपणातल्या सोनोग्राफीतच त्याची डावी किडनी फुगलेली दिसली होती. तिसऱ्या महिन्यात रेनोग्रॅम केला तेव्हा डाव्या किडनीचं काम ४४ टक्के आणि टी-हाफ १४ मिनिटं आलं. आता दुसऱ्या शहरात केला तर ३८ टक्के आणि २६ मिनिटं. ऑपरेशन करावंच लागेल का? – एक आई, बारामती

उत्तर : दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून आधी रेनोग्रॅमसाठी शिरेतून टोचलेल्या किरणोत्सारी औषधाचे नाव बघा. तुमच्या पहिल्या रिपोर्टवर डीटीपीए लिहिले आहे, दुसऱ्यावर ईसी. डीटीपीए किडनीत फक्त गाळले जाते. रक्तातून एकदा जाताना त्याचा साधारण पाचवा हिस्सा निघतो. ईसी मुख्यतः नलिकांमधून बाहेर टाकले जाते, त्यामुळे रक्त लवकर मोकळे होते आणि किडनी आजूबाजूच्या भागापेक्षा उठून दिसते. तान्ह्या बाळाची गाळण्याची क्षमता अजून तयार होत असते, म्हणून या वयात ईसी किंवा त्याच तऱ्हेचे मॅग-३ चांगले. तिसऱ्या महिन्यातल्या डीटीपीएची तुलना सातव्या महिन्यातल्या ईसीशी केली, तर चार-सहा अंकांचा फरक नुसत्या पद्धतीनेही पडू शकतो.

दुसरे बघायचे ते लॅसिक्स, म्हणजे लघवी वाढवणारे औषध, कधी दिले ते. काही ठिकाणी ते स्कॅन सुरू झाल्यावर २० मिनिटांनी देतात, काही ठिकाणी मुख्य इंजेक्शनबरोबरच, तर काही ठिकाणी १५ मिनिटे आधी. टी-हाफ म्हणजे किडनीतले औषध निम्मे व्हायला लागलेला वेळ. पण तो मोजायला सुरुवात कुठून केली, यावर आकडा बदलतो. लॅसिक्सचे प्रमाण वर्षाच्या आतल्या बाळाला किलोमागे १ मिलिग्रॅम असते. ते कमी पडले, किंवा बाळाला पुरेसे पाणी गेले नसले, तर लघवीचा जोर येत नाही आणि मोकळी किडनीही अडल्यासारखी दिसते. म्हणून आधी अंगावरचे दूध नीट पाजायचे, आणि बहुतेक विभाग शिरेतून किलोमागे १० ते १५ मिली सलाईनही देतात.

तिसरी गोष्ट मूत्राशय. मोठ्या माणसाला स्कॅनपूर्वी लघवी करून ये म्हणता येते, बाळाला नाही. मूत्राशय तुडुंब भरला की वरून लघवी उतरत नाही आणि आलेख सपाट राहतो. म्हणून शेवटी लघवी झाल्यावर, बाळाला काही मिनिटे उभे धरून, आणखी एक चित्र घ्यायचे असते. हे चित्र नसलेल्या रिपोर्टमधला 'अडथळा' हा शब्द आम्ही अर्धाच मानतो. किडनीतली लघवी जमा होणारी फुगलेली पिशवी मोठी असेल तर ती भरायला आणि रिकामी व्हायला नुसत्या आकारामुळेही वेळ लागतो; १० मिनिटांच्या आत मोकळे आणि २० च्या वर अडलेले हा ठोकताळा अशा बाळांना सरळ लावता येत नाही.

टक्केवारी त्यामानाने जास्त विश्वासाची. ती पहिल्या एक ते दोन मिनिटांत, लघवी पिशवीत उतरायच्या आधी मोजतात. पण तिथेही तंत्रज्ञाने किडनीभोवती काढलेली रेघ आणि वजा करायच्या पार्श्वभूमीची जागा महत्त्वाची. डावीकडे प्लीहा आणि उजवीकडे यकृत मध्ये येते. फुगलेल्या किडनीचा आकडा कधी कधी ५५ च्याही वर येतो; ती जास्त काम करते असा अर्थ त्यावरून लगेच काढू नये.

तुमच्या बाबतीत ४० च्या खालचा आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही, आणि एवढ्यावर टाके घालण्यासारखाही नाही. पिशवीची रुंदी सोनोग्राफीत वाढते आहे का, ते विचारा. पुढचा स्कॅन आत्ताचा झाला त्याच केंद्रात, ईसीनेच, लॅसिक्सची तीच वेळ ठेवून करा. तिथेही घट दिसली तर निर्णय सर्जनना सोपा जाईल. आणि फक्त छापील रिपोर्ट नको; दोन्ही स्कॅनच्या सीडी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : धाकट्या भावाला किडनी द्यायची आहे. डीटीपीए स्कॅनमध्ये माझा जीएफआर ७८ आला, रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढला तर ९६. कोणता खरा? – एक वाचक, सांगली

उत्तर : जीएफआर म्हणजे किडन्यांचा रक्त गाळण्याचा वेग. तुमचा ७८ हा 'गेट्स' पद्धतीचा आकडा आहे. ही पद्धत १९८२ पासून वापरात आहे आणि भारतात सर्वाधिक चालते, कारण रक्त काढावे लागत नाही. इंजेक्शन भरलेली सिरिंज कॅमेऱ्यापासून ठरलेल्या अंतरावर, बहुधा ३० सेंटिमीटरवर, मिनिटभर मोजतात. इंजेक्शननंतर रिकामी सिरिंज पुन्हा मोजतात. या दोहोंतली वजाबाकी म्हणजे शरीरात गेलेले औषध. त्यातले किती टक्के दुसऱ्या ते तिसऱ्या मिनिटात किडन्यांनी उचलले, त्यावरून जीएफआर निघतो.

चुकायच्या जागा याच पायऱ्यांत आहेत. थोडे औषध शिरेबाहेर कोपरात राहिले, तर यंत्र ते शरीरात गेलेलेच धरते आणि जीएफआर खोटाच कमी येतो. म्हणून इंजेक्शनच्या जागेचेही एक चित्र घ्यायला हवे. किडनी पाठीपासून किती आत आहे हे मोजत नाहीत, उंची आणि वजनावरून सूत्राने काढतात. जाड माणसात हे सूत्र खोली कमी धरते, मग आकडाही कमी येतो. सिरिंजमध्ये मात्रा फार जास्त असली तर कॅमेऱ्याची मोजणी तुंबते. उपाशीपोटी, पाणी न पिता आलेल्या माणसाचा जीएफआर त्या दिवशी खरोखरच थोडा उतरलेला असतो. क्रिएटिनिनचे सूत्रही निर्दोष नाही. स्नायू कमी असलेल्या माणसात ते फुगवून सांगते.

दात्याच्या बाबतीत आमचे मत स्पष्ट आहे : दोन आकड्यांत एवढी तफावत असेल तर रक्ताचे नमुने घेऊन जीएफआर काढून घ्या. तेच डीटीपीए देऊन, सुमारे दोन आणि चार तासांनी दुसऱ्या हाताचे रक्त घेतात आणि त्यातली किरणे मोजतात. त्याच हाताचे घेतले तर सुईपाशी उरलेले औषध नमुन्यात येते. अर्धा दिवस जातो, पण आयुष्यभर एका किडनीवर राहायचे आहे तुम्हाला. कॅमेऱ्यावरची डावी-उजवी टक्केवारी मात्र याही स्कॅनची वापरता येते; दोहोंत फरक असला तर सरस किडनी दात्याकडेच ठेवतात.

प्रश्न : वडिलांचं क्रिएटिनिन ३.२ आहे. किरणोत्सारी इंजेक्शनाने किडनी आणखी बिघडेल का? घरात लहान नातू आहे. – एक वाचक, जळगाव

उत्तर : सीटी स्कॅनला देतात ते आयोडीनचे औषध वेगळे. रेनोग्रॅमचे औषध वजनाने अत्यल्प असते, किडनीला त्याचा भार पडत नाही. एका डीटीपीए स्कॅनचा किरणांचा डोस साधारण १ मिलिसिव्हर्ट. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. औषधातले किरणोत्सारी टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मे होते, म्हणजे चोवीस तासांनी सोळावा हिस्सा उरतो, शिवाय लघवीतून जाते ते वेगळे. त्या दिवशी बसून लघवी करावी, दोनदा फ्लश करावे, हात धुवावेत, आणि नातवाला रात्रीपर्यंत मांडीवर घेऊन बसू नये. एवढे पुरे. खरी अडचण दुसरी आहे : क्रिएटिनिन इतके चढले की लॅसिक्सला किडनी नीट दाद देत नाही, त्यामुळे 'अडथळा आहे की नाही' याचे उत्तर स्कॅनमधून धूसरच मिळू शकते. हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या.

प्रश्न : मुलीला तापासह लघवीचा संसर्ग झाला होता. डीएमएसए स्कॅन सहा महिन्यांनी करू म्हणतात. एवढं का थांबायचं? – एक पालक, पणजी

उत्तर : कारण आत्ता केला तर व्रण आणि सूज वेगळे ओळखता येणार नाहीत. डीएमएसए किडनीच्या बाहेरच्या थरातल्या नलिकांमध्ये चिकटून बसते. संसर्गात त्या भागाचा रक्तपुरवठा आणि नलिकांचे काम दोन्ही मंदावते, म्हणून तिथे डाग दिसतो. त्यातले बरेच डाग काही महिन्यांत भरून येतात. सहा महिन्यांनीही उरेल तो व्रण. मधल्या काळात पुन्हा ताप आला, तर मोजणी तिथून नव्याने सुरू करायची. इंजेक्शननंतर दोन ते तीन तासांनी चित्रे घेतात. मूल पाच-पाच मिनिटे स्थिर राहायला हवे, म्हणून झोपेची वेळ बघून अपॉइंटमेंट मागा. हलल्याने कडा पुसट होतात आणि तिथेच खोटे व्रण दिसतात.

प्रश्न : वडील ६७ वर्षांचे. उजवा हात थरथरतो. एक डॉक्टर कंपवात म्हणतात, दुसरे साधी थरथर. ट्रोडॅट स्कॅन सांगितला आहे. त्याआधी सिंडोपा बंद करायची का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : सिंडोपा (कंपवाताची डोपामिन भरून काढणारी गोळी) बंद करू नका, गरज नाही. ट्रोडॅट मेंदूतल्या स्ट्रायटम या भागातले डोपामिनचे वाहक दाखवते. पेशींची टोके जिथे झिजली आहेत तिथे ते कमी चिकटते, गोळ्या चालू असल्या तरी. थरथरीच्या प्रोप्रानोलॉलनेही फरक पडत नाही. बुप्रोपिऑन, मिथाइलफेनिडेट, मोडाफिनिल यांनी मात्र पडतो, कारण ती त्याच वाहकावर बसतात. औषधागणिक दोन दिवसांपासून आठवडाभर आधी ती थांबवावी लागतात, आणि तेही लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वडिलांच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे घेऊन या, अगदी पित्ताची आणि चक्करेची सुद्धा. आपल्याकडे ॲसिडिटीच्या अनेक कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड मिसळलेले असते, आणि चक्करेसाठी सिनारिझिन किंवा मायग्रेनसाठी फ्लुनारिझिन महिनोन्‌महिने चालू राहते. या औषधांनी हुबेहूब कंपवातासारखी थरथर आणि ताठरपणा येतो. पेशंट ती 'साधी गोळी' समजून सांगतच नाही. औषधाने आलेल्या या प्रकारात ट्रोडॅट नॉर्मल येतो, कारण पेशी शाबूत असतात. साध्या वंशागत थरथरीतही नॉर्मल येतो. स्कॅनचा खरा उपयोग इथे आहे.

प्रत्यक्षात असे होते : शिरेतून साधारण २० ते २५ मिलिक्युरी देतात, मग तीन ते चार तास थांबायचे. जेवण करायला हरकत नाही. नंतर डोके पट्ट्याने अडकवून अर्धा ते पाऊण तास कॅमेरा भोवती फिरतो. निरोगी चित्रात दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारखे आकार दिसतात. कंपवातात आधी मागची शेपटी जाते आणि ठिपका उरतो, बहुधा थरथरणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला जास्त. तुमच्या वडिलांचा उजवा हात थरथरतो, म्हणजे डावीकडे कमी दिसले तर ते लक्षणांशी जुळते. उलटे दिसले तर रिपोर्ट करण्याआधी डोके तिरके होते का ते तपासायला हवे. तिरक्या डोक्याचा एकच काप पाहिला की एक बाजू खोटीच बारीक दिसते. स्ट्रायटममध्ये जुना छोटा स्ट्रोक असला तरी तिथे खड्डा दिसतो, म्हणून एमआरआय सोबत आणाच.

परदेशात यासाठी आयोडीन-१२३ चे औषध जास्त वापरतात; त्यासाठी सायक्लोट्रॉन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्ये बनवणारे मोठे यंत्र, लागते. ट्रोडॅट टेक्नेशियमवर चालते, आणि टेक्नेशियम रोज सकाळी विभागातल्या 'जनरेटर' नावाच्या छोट्या उपकरणातूनच काढता येते. जिल्ह्याच्या ठिकाणीही हा स्कॅन होऊ शकतो तो यामुळेच. याची मर्यादाही लक्षात घ्या : कंपवात आणि त्याच्यासारखेच दिसणारे पीएसपी व एमएसए हे दोन आजार, या तिन्हींत ट्रोडॅट कमी येतो. त्यातले कोणते, हे त्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी एफडीजी पेट, म्हणजे मेंदू साखर कुठे किती वापरतो ते दाखवणारा स्कॅन, उपयोगी पडतो.

प्रश्न : मुलीला औषधांनी फिट थांबत नाही. ऑपरेशनआधी फिट येत असतानाच इंजेक्शन देऊन स्कॅन करायचा म्हणतात. फिट चालू असताना कॅमेऱ्यात कसं नेणार? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : नेत नाहीत, आणि नेण्याची गरजही नसते. ईसीडी नावाचे टेक्नेशियमचे औषध रक्तातून मेंदूत जाते आणि पहिल्या एक-दोन मिनिटांत पेशींत अडकून बसते, नंतर हलत नाही. फिट जिथून सुरू होते तिथे त्या क्षणी रक्त जास्त धावत असते, म्हणून तिथे औषध जास्त अडकते. मुलगी शांत झाल्यावर, दोन-तीन तासांनी चित्र घेतले तरी ते इंजेक्शनच्या क्षणाचेच असते.

सगळा खेळ सेकंदांचा आहे. मुलीला व्हिडिओ ईईजीवर (मेंदूच्या विद्युतलहरी आणि चित्रण एकत्र) ठेवतात, गोळ्या कमी करतात, शिरेत कॅन्युला आधीच घातलेला असतो. शिशाच्या आवरणातली सिरिंज पलंगाशेजारी तयार असते. फिटचे पहिले चिन्ह दिसल्यापासून २० ते ३० सेकंदांत औषध जायला हवे, आणि त्यामागोमाग सलाईनचा जोरदार फ्लश, नाहीतर निम्मे औषध नळीतच राहते. टेक्नेशियम तासातासाला उतरते, म्हणून सकाळी २ मिली पुरत असेल तर दुपारी तेवढ्याच मात्रेसाठी ४ मिली लागू शकते. सिरिंजवर वेळेनुसार किती टोचायचे याचा कागद चिकटवलेला हवा. मिनिटभर उशीर झाला तर फिट पसरलेली असते आणि चित्रात मूळ जागा नव्हे, पसरलेली जागा उजळते. कधी मूळ जागा उलट फिकीच दिसते. फार आखूड फिट असलेल्या मुलांत म्हणूनच हा स्कॅन अवघड जातो.

फिट नसताना, किमान २४ तास शांत गेल्यावर, तेच इंजेक्शन पुन्हा देऊन दुसरे चित्र घेतात. पहिल्यातून दुसरे वजा करून उरलेला फरक एमआरआयवर ठेवतात. डोळ्यांनी न दिसणारी जागा बरेचदा या वजाबाकीत सापडते. एफडीजी पेटमध्ये याच्या उलट, फिट नसताना ती जागा फिकी दिसते. पण औषध शोषले जात असताना नकळत फिट येऊन गेली तर चित्र फिरते, म्हणून तेव्हाही ईईजी लावलेला चांगला.

तुमचे काम लहान दिसते, पण फार मोलाचे आहे : चाहूल लागताच बटण दाबा, पांघरूण बाजूला करा, आणि मुलीच्या व व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मध्ये उभे राहू नका. तिला नावाने हाक मारा, म्हणजे ती भानावर आहे का ते व्हिडिओत नोंदले जाईल.

प्रश्न : आई ७१ वर्षांची, मधुमेही. विसराळूपणासाठी मेंदूचा पेट स्कॅन सांगितला. दोन वेळा साखर जास्त म्हणून परत पाठवलं. हा अडवणुकीचा प्रकार नाही ना? – एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही, त्यांनी योग्यच केले. एफडीजी म्हणजे किरणोत्सारी खूण लावलेली साखरच. रक्तात आधीच भरपूर साखर असेल तर मेंदू ती घेतो आणि आमची खूण बाहेर राहते. मेंदूच्या स्कॅनसाठी साखर १६० च्या आत असलेली बरी. चित्र नुसते फिके झाले असते तर भागले असते. पण साखर चढलेली असताना मेंदूच्या मागच्या बाजूचा जो भाग, प्रीक्युनियस, फिका पडतो, तोच अल्झायमरमध्येही आधी फिका पडतो. म्हणजे साखरेमुळे निरोगी माणसालाही अल्झायमरचा शिक्का बसू शकतो. ऐन वेळी इन्सुलिन टोचून आकडा खाली आणणे हा उपाय नव्हे. आदल्या दोन-तीन दिवसांत डॉक्टरांकडून डोस जुळवून घ्या आणि सकाळची वेळ मागा.

चार ते सहा तास उपास, साधे पाणी चालते. इंजेक्शनआधी आणि नंतर अर्धा तास मंद उजेडाच्या शांत खोलीत पडून राहायचे : बोलणे नाही, मोबाइल नाही, जपाची पुस्तिकाही नाही. वाचले की मेंदूच्या मागचा, दृष्टीचा भाग उजळतो, बोलले की भाषेचा. झोपेची गोळी लागलीच तर ती औषध शोषले गेल्यावर. एफडीजीतले फ्लोरिन ११० मिनिटांत निम्मे होते, त्यामुळे सायक्लोट्रॉन असलेल्या शहरातून गाडी उशिरा आली की सगळे वेळापत्रक ढकलले जाते. उपाशी मधुमेही पेशंट असल्याचे काउंटरवर सांगून ठेवा.

अल्झायमरमध्ये कपाळामागचा भाग बराच काळ शाबूत राहतो आणि कानशिलामागचा व वरचा मागचा भाग उतरतो. फ्रंटोटेम्पोरल प्रकारात नेमके उलट. ल्यूई बॉडी प्रकारात अगदी मागचा, दृष्टीचा भागही फिका पडतो.   अमायलॉइड पेट हा एफडीजीहून वेगळा, मेंदूत साठलेले अमायलॉइड प्रथिन दाखवणारा स्कॅन. तो पॉझिटिव्ह येऊनही स्मरणशक्ती ठीक असलेले वृद्ध बरेच आहेत, म्हणून उत्तराने उपचार बदलणार असेल तरच तो करावा.

प्रश्न : दीर्घकालीन किडनीविकारासाठी 'फॅपी' पेटच्या संशोधनात भाग घ्याल का, असं विचारलं आहे. काय बघावं? – एक वाचक, पुणे

उत्तर : बायोप्सीत किडनीचा सुईएवढा तुकडा मिळतो. फॅपी व्रण तयार करणाऱ्या पेशींवरच्या एका प्रथिनाला चिकटते, म्हणून दोन्ही किडन्यांतले तंतू एकदम दिसतील अशी आशा आहे, आणि ती रास्त आहे. अडचणीही खऱ्या आहेत. फॅपी लघवीतूनच जाते, त्यामुळे किडनीतली लघवीची पिशवी झगमगते आणि शेजारचा थर झाकोळतो. गाळणी मंदावलेल्या माणसात औषध रक्तात जास्त वेळ राहते आणि किडनी उगाच उजळ दिसू शकते. शिवाय फॅपी आत्ता चालू असलेले तंतू तयार होण्याचे काम दाखवते. जुना, थंड व्रण नाही. त्यामुळे तुमच्या आजच्या उपचारासाठी या स्कॅनचा आधार धरू नका.

विचारायचे ते असे : संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता आहे का, सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची नोंदवही) नोंदणी क्रमांक काय, जोडलेल्या सीटीसह एकूण किती मिलिसिव्हर्ट, बायोप्सी केवळ संशोधनासाठी पुन्हा करणार का, निकाल तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टना कळवणार का. संशोधनासाठीच्या स्कॅनचे पैसे तुमच्याकडून घेऊ नयेत. इजा झाल्यास उपचार आणि भरपाई कोण देणार, हे संमतीपत्रात लिहिलेले असावे. मधेच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, हेही. पत्र मराठीत मागा आणि घरी नेऊन वाचा. त्याच दिवशी सही केलीच पाहिजे असे नसते.